मेणबत्त्या विझल्या की फुंकणे थांबते: निरोगी बालवाडीच्या मुलांची फुप्फुसक्षमता मोजतानाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावात धर्मादाय रुग्णालय आहे. गाव, संस्था आणि मुले ओळखू येतील असे तपशील इथे गाळले आहेत. रुग्णालयाच्या बालरोग विभागात सात-आठ वर्षांपुढच्या दम्याच्या मुलांची स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोरात फुंकायला लावून फुप्फुसांतली हवा मोजण्याची तपासणी, नेहमीच होते. अडते ते त्याखालच्या वयाला. चार-पाच वर्षांचे मूल पावसाळाभर खोकते, रात्री छाती वाजते, कसेबसे नळीत फुंकतेही. पण आलेला आकडा कमी म्हणायचा की ठीक, हे ठरवायला डॉक्टरांच्या हाताशी काही नसते.

विभागाच्या प्रमुख डॉक्टरांनी (गावात सगळे त्यांना मॅडमच म्हणतात, इथेही तसेच म्हणतो) ठरवले की गावातल्याच निरोगी मुलांचे आकडे घ्यायचे, म्हणजे तुलनेला काहीतरी होईल. रुग्णालयाच्या मागेच बालवाडी आणि पहिलीचा वर्ग असलेली शाळा होती. पालकांची लेखी संमती घेतली, संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी घेतली, आणि नवे कोरे हातात मावणारे स्पायरोमीटर घेऊन टेक्निशियन शाळेत दाखल झाले. साठेक मुले, बहुतेक चार ते सहा वर्षांची.

मुलांना यंत्र आवडले. पडद्यावर केक, केकवर मेणबत्त्या, जोरात फुंकले की त्या विझणार. एकाने नळी पिपाणीसारखी वाजवायचा प्रयत्न केला, एकीने फुगा फुगवावा तसे गाल फुगवले. पण दोन-तीनदा करून दाखवल्यावर बऱ्याच जणांना जमले. यंत्र लगेच अहवाल छापून देत होते. 'आम्ही नुसते मोजून निघून गेलो असे पालकांना वाटू नये' म्हणून तो कागद त्याच दिवशी दप्तरात घालून घरी पाठवायचे ठरले. पुढचे सगळे या एका सद्‌हेतूतून उभे राहिले.

अडचण

तिसऱ्या दिवशी एक आई मुलीला कडेवर घेऊन थेट ओपीडीत आली. मुलगी सव्वापाच वर्षांची. कागद इंग्रजीत, शेजारच्या डी.फार्म. करणाऱ्या मुलाने वाचून दाखवला होता. खाली लाल अक्षरात 'रिस्ट्रिक्शन' असे छापलेले, म्हणजे फुप्फुसांत हवा पुरेशी मावत नाही अशी शंका.

"मॅडम, पोरगी दिवसभर उड्या मारतीया, कधी दवाखाना माहीत न्हाई. मग हे तांबडं काय आलंय? बाळदमा हाय का तिला?"

मॅडमनी छाती तपासली, स्वच्छ होती. "ताई, घाबरण्यासारखं काही दिसत नाही, पण मला दोन दिवस द्या," असे सांगितले. तोवर घरच्यांनी आदल्या संध्याकाळीच एका डॉक्टरांकडे नेऊन आणले होते आणि कागद पाहून तिला दम्याचा पंप (इन्हेलर) सुरू झाला होता. आज्जीने शेजारणीला सांगितले, शेजारणीने आणखी कुणाला. शाळेत चौकशीला लोक येऊ लागले. कागद तपासले तर लाल ओळ या एकाच मुलीच्या नव्हे, बऱ्याच मुलांच्या अहवालावर निघाली.

आता प्रश्न दोन झाले. बालवाडीतली इतकी मुले एकदम आजारी कशी? आणि आजारी नसतील, तर यंत्र काय मोजत होते?

त्या मुलीच्या अहवालात एफव्हीसी, म्हणजे पूर्ण श्वास घेऊन पूर्ण बाहेर सोडलेली हवा, 0.88 लिटर होती. अपेक्षित आकड्याशी तुलना केल्यावर ती 80 टक्क्यांच्या जरा खाली. एवढ्यावर यंत्राने निकाल दिला होता.

समोरचे पर्याय

त्या आठवड्यात टीमची बैठक झाली ती सगळी एकाच विषयावर: समीकरण. म्हणजे मुलाचे वय, उंची वगैरेंवरून अपेक्षित आकडा कोणत्या सूत्राने काढायचा. वाद खरा होता आणि महत्त्वाचाही, म्हणून तो थोडा सविस्तर सांगतो.

यंत्रात ग्लोबल लंग फंक्शन इनिशिएटिव्ह या आंतरराष्ट्रीय गटाची 2012 ची समीकरणे होती. ती 3 ते 95 वर्षांपर्यंत चालतात, म्हणून या वयाला तीच वापरणे योग्य. पण त्यांत गट निवडावा लागतो: कॉकेशियन, आफ्रिकन-अमेरिकन, ईशान्य आशियाई, आग्नेय आशियाई आणि 'इतर'. भारतीय उपखंडाचा वेगळा गटच नाही. यंत्र खोक्यातून निघाले तेव्हा यादीतला पहिला पर्याय निवडलेला होता, कॉकेशियन, आणि तो कुणी बदलला नव्हता.

टेक्निशियननी एक उपाय करून पाहिला. जुन्या यंत्रावर असायचे तसे अमेरिकेच्या एनएचएएनईएस या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणावरून काढलेले 1999 चे समीकरण लावले. मुलगी एकदम 110 टक्क्यांच्या पुढे गेली. खोलीत सगळ्यांचे चेहरे खुलले, पण आनंद टिकणारा नव्हता. ते समीकरण 8 ते 80 वर्षांच्या लोकांसाठी आहे. पाच वर्षांच्या मुलीला लावले तर सॉफ्टवेअर तक्रार न करता रेघ मागे ओढत नेते आणि अपेक्षित आकडा भलताच लहान येतो. मग कुणीही पास होतो. आग्नेय आशियाई गट निवडला तर ती 90 च्या थोडी पुढे, 'इतर' निवडला तर 85 च्या आसपास. श्वास तोच, मुलगी तीच.

यावर एक जुना तोडगा सुचवला गेला: गोऱ्यांचा अपेक्षित आकडा घ्यायचा आणि 0.9 ने गुणायचा. अनेक प्रयोगशाळांत वर्षानुवर्षे हेच चालत आले आहे. मॅडमनी विरोध केला, आणि माझ्या मते त्यांचे बरोबर होते. भारतीय मुलांची फुप्फुसे त्याच उंचीच्या गोऱ्या मुलांपेक्षा लहान मोजली जातात हे खरे. लंडनच्या प्राथमिक शाळांतल्या 5 ते 11 वर्षांच्या मुलांच्या मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियाई मुलांबाबत तेच दिसले. पण 2015 मध्ये बंगळुरू परिसरातल्या मुलांवरचा अभ्यास आला, त्यात ग्रामीण मुलांचे आकडे शहरी मुलांपेक्षा कमी निघाले. वंश एकच, मग हा फरक कुठून आला? जन्मवजन, पोषण, चुलीचा धूर, लहानपणीची न्यूमोनिया, यांतले काहीही असू शकते. 0.9 चा गुणाकार हे सगळे 'आपल्याकडे असेच असते' या खात्यात टाकून मोकळा होतो. अमेरिकन थोरॅसिक सोसायटी या श्वसनतज्ज्ञांच्या संघटनेने 2023 मध्ये वंशनिरपेक्ष, म्हणजे गट न विचारणाऱ्या, समीकरणाची शिफारस केली त्यामागेही हाच विचार आहे.

दुसरा पर्याय होता सहा वर्षांखालच्या मुलांना स्पायरोमेट्री करायचीच नाही. तिसरा, ऑसिलोमेट्री वापरायची. त्यात मूल नेहमीसारखा शांत श्वास घेते, यंत्र त्याच श्वासावर बारीक कंपने सोडते आणि श्वासनलिकांचा विरोध मोजते. जोर लावायचा नसतो. यंत्र मात्र महाग, आणि रुग्णालयाकडे नव्हते. चौथा पर्याय कुणी उघड बोलले नाही पण मनात होता: काम गुंडाळायचे.

काय केले

समीकरणाचा वाद मिटत नव्हता म्हणून सगळे आलेख माझ्याकडे पाठवले गेले. या मुलीचा आलेख पाहिला आणि समीकरणापर्यंत जायची गरजच उरली नाही.

जोरात सोडलेल्या श्वासाच्या वेगाचा आलेख चढतो, टोक गाठतो आणि उतरत उतरत हळूहळू शून्याला टेकतो. हिचा आलेख छान चढला होता, अर्ध्यापर्यंत उतरला होता आणि तिथून कड्यासारखा सरळ खाली तुटला होता. मुलीने मध्येच फुंकणे थांबवले होते. दुसरा आणि तिसरा प्रयत्न पाहिला, तिथेही तसेच, जवळजवळ त्याच जागी. तिन्ही वेळा तीच चूक, म्हणून आकडे एकमेकांशी जुळत होते आणि यंत्राने 'पुनरावृत्ती उत्तम' असा शेरा मारला होता.

कारण शाळेत जाऊन मुलांना फुंकताना पाहिल्यावर कळले. पडद्यावरच्या मेणबत्त्या जोराला प्रतिसाद देतात, वेळेला नाही. पहिल्या झटक्यातच सगळ्या विझतात. पाच वर्षांच्या मुलीच्या हिशेबाने काम झाले. मेणबत्त्या विझल्यावर कोण फुंकत बसते? ती हसून टेक्निशियनकडे बघते, ते 'शाब्बास' म्हणतात, आणि पुढच्या वेळी ती आणखी लवकर थांबते.

अमेरिकन थोरॅसिक सोसायटी आणि युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटी यांनी 2007 मध्ये बालवाडीच्या वयासाठी संयुक्त मार्गदर्शन दिले, त्यात याची सोय आहे. प्रवाह त्याच्या सर्वोच्च वेगाच्या 10 टक्क्यांच्या वर असतानाच तुटला, तर त्या प्रयत्नाची एफव्हीसी नोंदवायची नाही. पहिल्या अर्ध्या किंवा पाऊण सेकंदातली हवा मात्र वापरता येते. म्हणजे या मुलीचा एफव्हीसीचा आकडा छापायलाच नको होता, आणि 'रिस्ट्रिक्शन'चा निकाल नेमका त्याच आकड्यावर उभा होता.

पाऊण सेकंदाचे प्रकरण इथेच सांगून टाकतो. मोठ्या माणसांत पहिल्या सेकंदातली हवा, एफईव्ही-1, हा मुख्य आकडा. लहान मुलांची फुप्फुसे छोटी आणि त्या मानाने श्वासनलिका रुंद; पुष्कळ मुले एका सेकंदाच्या आतच रिकामी होतात. मग एफईव्ही-1 आणि एफव्हीसी एकच, आणि त्यांच्या गुणोत्तराला अर्थ राहत नाही. म्हणून या वयात एफईव्ही-0.75 पाहतात. यंत्रात तो आकडा निघत होता, पण छपाईच्या साच्यात नव्हता. उलट सॉफ्टवेअर मोठ्यांच्या 6 सेकंदांच्या नियमाने चांगल्या फुंकांवर 'वेळ अपुरा' असा इशारा देत होते. सतत तोच इशारा पाहून टेक्निशियननी सगळेच इशारे मनावर घेणे सोडले होते. त्यांना दोष देता येत नाही. प्रत्येक वेळी वाजणारी घंटा कोण ऐकतो?

दुसरी गोष्ट उंचीची. अहवालात 106 सेंटिमीटर होती, ती शाळेच्या रजिस्टरमधून घेतलेली. भिंतीवर चिकटवलेल्या टेपला मुले बूट घालून उभी राहतात हे बालवाडीच्या ताईंनीच सांगितले. अनवाणी, टाचा भिंतीला, नजर समोर, अशी मोजली तर 104 भरली. अपेक्षित आकडा उंचीच्या साधारण दुसऱ्या घातापेक्षा किंचित जास्त वेगाने वाढतो. म्हणून दोन सेंटिमीटरच्या बुटांनी अपेक्षित एफव्हीसी चारेक टक्क्यांनी फुगवली होती. मोठ्या माणसात हा फरक कुणाच्या लक्षातही आला नसता.

मग निर्णय असे झाले. घरी गेलेले सगळे कागद परत घ्यायचे, फक्त लाल ओळीचे नव्हे. यावर मतभेद होता: ज्यांचा अहवाल 'नॉर्मल' आहे त्यांना कशाला हात लावा? पण तीच चूक 'नॉर्मल' कागदांतही होती, फक्त ती दिसत नव्हती. बालवाडीच्या ताई घरोघरी गेल्या. एका घरी तो कागद लॅमिनेट करून पोराच्या जन्मदाखल्यासोबत ठेवला होता. तो परत मिळवायला मॅडमना स्वतः जावे लागले.

यंत्रातली आपोआप निकाल छापण्याची सोय बंद केली. मेणबत्त्यांऐवजी असा खेळ निवडला की चेंडू शेवटपर्यंत घरंगळत नेण्यासाठी फुंकत राहावे लागते. आधी एक दिवस नुसता सराव, मोजणी नाही. मोजणी खाऊच्या सुट्टीआधी, कारण खिचडी पोटभर खाल्लेले मूल जोराने फुंकले की कधीकधी ती बाहेरही येते. सर्दी-खोकला चालू असेल तर तीन आठवडे थांबायचे. आलेख त्याच ठिकाणी पाहायचा, आकडा नंतर.

'निरोगी' कुणाला म्हणायचे तेही पुन्हा ठरले. पहिल्या फॉर्ममध्ये 'मुलाला दमा आहे का' एवढेच होते आणि जवळजवळ सगळ्यांनी 'नाही' लिहिले होते. दुसऱ्या वेळी विचारले: कधी वाफ द्यावी लागली का, पंप वापरला का, छातीसाठी ॲडमिट केले होते का, दिवस भरून जन्म झाला का, जन्माचे वजन किती. दमा नाही म्हणणाऱ्या काही मुलांना दर पावसाळ्यात नेब्युलायझर लागत होता. ती मुले तुलनेच्या यादीतून काढून ओपीडीत बोलावली. चूल, मच्छर अगरबत्ती, घरात बिडी ओढणारे आजोबा यांची नोंद केली, पण त्यावरून कुणाला वगळले नाही. तसे केले असते तर गावातल्या निरोगी मुलांची यादी गावासारखी राहिली नसती.

ऑसिलोमेट्रीचे यंत्र एका वैद्यकीय महाविद्यालयाकडून काही दिवसांसाठी उसने मिळाले. ते चार वर्षांच्या मुलांसाठी वापरले. मूल मांडीवर, नाकाला चिमटा, गाल ताईंच्या तळहातांत घट्ट, कारण गाल थरथरले की कंपने तिथेच विरतात. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी एका नोंदीला 16 सेकंद पुरतात, अशा तीन नोंदी, आणि त्यांच्यातला चढउतार 15 टक्क्यांच्या आत. जी मुले स्पायरोमीटरला तोंड लावायला तयार नव्हती, त्यांतलीही बरीच इथे बसली. एक मुलगा मात्र नाकाच्या चिमट्याला पाहून जो रडला तो थांबेचना. त्याला सोडून दिले. सात वर्षांखालच्या मुलाची औपचारिक तोंडी संमती आपल्या नियमांत लागत नाही, पण त्याने नको म्हटले तर ते नकोच धरायचे, यावर कुणाचे दुमत नव्हते.

निष्पत्ती

त्या मुलीची चाचणी नवी पद्धत बसल्यावर पुन्हा झाली. चेंडू शेवटपर्यंत गेला, आलेख हळू उतरून टेकला. एफव्हीसी लिटरच्या जवळ पोचली, आणि खऱ्या उंचीवर पाहिली तर कोणत्याही गटाच्या समीकरणाने ती खालच्या मर्यादेच्या बऱ्यापैकी वर होती. ज्या वादात बैठका गेल्या, तो या मुलीपुरता तरी लागूच नव्हता. मॅडमनी त्या डॉक्टरांशी फोनवर बोलून आलेख पाठवले आणि त्यांनी पंप बंद केला. आईने विचारले, "मग आधीचं खोटं होतं का?" मॅडमनी सांगितले, "ताई, तिनं तेव्हा अर्धंच फुंकलं होतं, आणि आम्ही ते पुरतं धरलं."

इतर मुलांपैकी बऱ्याच लाल ओळी अशाच गेल्या. काही उरल्या, आणि उरणारच होत्या. खालची मर्यादा उणे 1.64 झेड-स्कोअरवर (झेड-स्कोअर म्हणजे आकडा अपेक्षित सरासरीपासून किती लांब आहे त्याचे माप) धरली, तर व्याख्येनेच निरोगी मुलांतली 5 टक्के तिच्याखाली येतात. साठ मुलांत तीनेक. एकाऐवजी दोन-तीन आकडे तपासले तर आणखी काही. उरलेल्या मुलांना लक्षणे नव्हती. त्यांना औषध नाही, फक्त सहा महिन्यांनी पुन्हा मोजणी, एवढेच ठरले. त्यातल्या एकाचे जन्मवजन खूप कमी होते. त्याची मोजणी दरवर्षी होणार आहे.

किंमतही मोजावी लागली. काही पालकांनी पुढच्या मोजणीला नकार दिला. शाळेच्या मुख्याध्यापिकांनी आता पाठवायचा प्रत्येक कागद आधी आपल्याला दाखवा अशी अट घातली, जी टीमला सुरुवातीला अपमानास्पद वाटली. मला ती रास्त वाटते.

पुन्हा करायचे झाले तर

कागद त्याच दिवशी देण्याचा निर्णय मी सगळ्यात आधी बदलेन. अभ्यासासाठी घेतलेली मोजणी आणि रुग्णासाठी केलेली तपासणी यांत फरक आहे, आणि तो संमतीपत्रातच यायला हवा: तुमच्या मुलाचा आकडा तुम्हाला केव्हा कळेल, कोण सांगेल, आणि काय आढळले तरच बोलावले जाईल. पालकांना काहीतरी द्यायचे असेल तर उंची-वजनाचा तक्ता द्यावा. तो त्यांना वाचता येतो.

दुसरे, टीमने शंका चुकीच्या टोकाकडून घ्यायला सुरुवात केली. समीकरणावर बोलायला सगळ्यांना आवडते, त्यात वंश आहे, राजकारण आहे, नवे लेख आहेत. पडद्यावरच्या खेळावर किंवा मुलांच्या बुटांवर बोलायला कुणी बैठक बोलावत नाही. आधी आलेख, मग उंची आणि जन्मतारीख, आणि समीकरण सर्वांत शेवटी, हा क्रम असता तर पहिल्याच संध्याकाळी आईला उत्तर देता आले असते. टेक्निशियनचे प्रशिक्षणही मोठ्यांच्या चाचणीवर झाले होते. बालवाडीत नेण्यापूर्वी लहान मुलांचे चांगले-वाईट आलेख शेजारी ठेवून दाखवायला हवे होते.

समीकरणाचा निर्णय अजून लागलेला नाही. मॅडमना वंशनिरपेक्ष समीकरण हवे आहे, संख्याशास्त्र पाहणारे सहकारी 'इतर' गटावर ठाम आहेत. सध्या तक्त्यात दोन्ही रकाने आहेत, आणि त्यांच्या डावीकडे कच्चा आकडा, अनवाणी उंची, महिन्यांतले वय आणि आलेखाची फाइल. उद्या तिसरे समीकरण आले तरी मुलांना पुन्हा फुंकायला बोलवावे लागणार नाही.